मुळं कापलेलं लिथॉप्स

लिथॉप्स म्हणजे दिसायला नदीतला गोटाच, मधोमध चीर गेलेला. माझ्याकडचं एक कुंडीत डुगडुगायला लागलं होतं. उपटून पाहिलं तर मुळं वाळून दोऱ्यासारखी झालेली. ती मी कात्रीने बुडापासून कापली, चार दिवस झाड सावलीत सुकू दिलं आणि आज भरड, कोरड्या वाळूवर नुसतं टेकवून ठेवलं.

थोरल्या नणंदबाई बघत होत्या. हे गेल्यापासून मला आपल्या घरी न्यायचंच त्यांनी मनावर घेतलंय.

"अगं, मुळंच कापलीस. आता ते जगणार कशावर?"

"अंगातल्या पाण्यावर, वन्सं."

या झाडाला माया मारते. कुणाला तरी ते सुकलेलं वाटतं, कुणीतरी कळवळून पेलाभर पाणी ओततं, आणि ओल्या जखमेपासून ते कुजायला लागतं. कोरडं राहू दिलं, तर पांढरी नवी मुळं आपली आपण वाट काढतात. हल्ली माझ्याकडे येणारा जो तो असाच पेला घेऊन येतो. एकटीने कसं व्हायचं, या वयात काय जमायचं. माझं काय तुटलंय ते मला ठाऊक आहे. त्या जागेला जरा वारा तर लागू द्या.

तुळशीला घालून उरलेलं पाणी वन्संनी सवयीने त्या कुंडीवर धरलं. मी तळहात आडवा घातला. पाणी माझ्या मनगटावरून ओघळत फरशीवर गेलं.

"याला नको," मी म्हटलं. "आणि माझी बॅग भरू नका. मी इथेच राहणार आहे."