बासरीची तब्येत

माणसांची तब्येत विचारणारे जगात पुष्कळ असतील, पण लाकडाची तब्येत विचारणारा गृहस्थ मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. जन्म वडगावात, मागावर. पुढे कंबर धरली तसा माग भावाच्या हवाली केला आणि इंग्रजी अंमलातल्या बेळगावात, कॅम्पातल्या एका हौशी जहागीरदारांच्या संग्रहालयात आतोबा राखणदार झाले. तिथे ढाली होत्या, तलवारी होत्या, पेंढा भरलेला वाघ होता. आतोबांचा जीव मात्र कोपऱ्यातल्या कपाटातल्या एका जुन्या लाकडी बासरीवर. तिला उभी चीर गेली होती. सकाळी कुलूप काढलं की पहिला प्रश्न तिला, "काय बाई, बरं हाय न्हवं?" आत्या म्हणायची, "माझ्या गुडघ्याला येवढं कदी इच्यारलं न्हाय ह्येंनी!" निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने कपाटाजवळ चिरूट पेटवला, तर आतोबांनी त्याला हाताला धरून बाहेर पायरीवर नेऊन बसवला.

सुताला बळ आणायचं तर खळ लावायची, हे विणकराचं शहाणपण. आतोबांनी चिरेलाही तांदळाची खळ चोपडली. तिसऱ्या दिवशी कपाटात झुरळांची पंगत! आतोबा आठवडाभर धड जेवले नाहीत. मग त्यांना आठवलं, उन्हाळ्यात सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून मागाखाली पाणी ठेवतात. त्यांनी कपाटात पाण्याचं वाडगं ठेवलं. चीर वाढते का हे पाहायला दर अमावास्येला तिच्यावर दोरा धरायचा, तेवढाच तोडायचा आणि वहीत चिकटवायचा, हा त्यांचा नेम तर पहिल्यापासूनच होता.

मी तेव्हा कॅम्पात मास्तर होतो आणि दुपारचा डबा आतोबांपाशीच खात असे. एके दिवशी जहागीरदारांचे नवे कारभारी मोडक्या वस्तू काढून टाकायला आले.

"ही वाजते का? वाजली तर राहील, नाहीतर बंबात."

आतोबांनी बासरी छातीशी धरली. "वाजवायची न्हाय, सायेब. तोंडाची गरम वाफ एकदम आत गेली की चीर फाटंल."

"मग ठेवायची कशाला?"

आतोबांनी वही उघडली. पहिले दोरे एकापेक्षा एक लांब. वाडगं ठेवल्यापासूनचे सगळे अगदी सारखे. कारभारी पानं उलटत राहिले.

"म्हणजे चीर थांबली?"

"दोन वर्सं झाली, सायेब. हाय तितंच हाय."

कारभाऱ्यांनी आपल्या यादीतून बासरी खोडली. वाघ मात्र गेला.

संध्याकाळी घरी परतताना मी विचारलं, "आतोबा, तुम्ही तरी कधी फुंकून बघितलीत?"

वाटेत खासबागेपाशी ते थांबले. मग म्हणाले, "एकदा व्हटाला लावलती रं. लई वाटलं. पर तशीच खाली ठिवली. तिला पुरती बरी करणारा येईल की कोणतरी. तवर मी हाय."

आतोबा आता नाहीत. बासरी अजून आहे, चीर तेवढीच आहे. तो कोणीतरी येईल आणि ती वाजेल, त्या दिवशी मला सगळ्यांच्या पुढे बसून आतोबांच्या वाटणीचंही ऐकायचं आहे.