माझ्या दिवाणातले ढेकूण

"बसू नोका! पयले पाहू द्या."

असं म्हणत काकू अंबाड्यात खोचलेली खराट्याची काडी उपसायच्या. तुम्ही ज्या खुर्चीवर बसणार तिच्या पट्ट्यांतून, सांध्यांतून, पायांच्या खोबणीतून ती काडी फिरायची. टोकाला काही निघालं नाही की काडी परत अंबाड्यात जायची आणि काकू म्हणायच्या, "बसा आता. चहा ठेवते."

तुम्ही हसाल. नवी माणसं हसायचीच. पण ढेकूण होण्याआधी त्याच काकूंनी आयुष्यात कधी पाहुण्याला उभं ठेवलं नव्हतं, हे त्या माणसांना ठाऊक नसायचं.

दवनीवाड्याच्या त्या घरात मी तीन वर्षं भाड्याने राहिले. मी नर्स. नेमणूक झाली तेव्हा गावात एकट्या बाईला खोली मिळेना. काकूंनी ओसरीलगतची दिली. घर साधंच, कवेलूचं म्हणजे कौलारू, पण स्वच्छ इतकं की आत शिरताना आपलेच पाय मळके वाटायचे. काका धानाची शेती करायचे आणि फार बोलायचे नाहीत. त्यांच्या वाटणीचं काकू बोलायच्या. एकुलती एक मुलगी तिरोड्याला दिलेली, जावई तिथल्या वीज केंद्रात कामाला.

या मुलीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ती सासरीच होती. सहाव्या महिन्यात पोटात दुखू लागलं, सासूने गॅस समजून ओवा चारला आणि दोन दिवस गेले. काकू पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. सासू काही वाईट बाई नव्हती, पण काकूंनी त्या दिवसापासून एकच गोष्ट धरून ठेवली. पुढच्या खेपेला सातवा लागला की पोरगी माहेरी आणायची. जावयाकडून तसं कबूलही करून घेतलं.

"आन् तुमी भिंतीच्या पल्याड आहेच," त्या मला म्हणायच्या. "नर्स घरातच. मंग मले कायचा घोर?"

मुलीला पुन्हा दिवस गेले. चैत्रात सातवा लागणार होता. काकूंनी माघातच आतली खोली लिंपून घेतली, बाळंतिणीसाठी बाज नव्याने विणून घेतली, जुनी मऊ लुगडी फाडून दुपट्यांची चळत लावली. रोज संध्याकाळी त्या खोलीच्या दाराशी उभं राहून आत नुसतं बघायच्या. मी विचारलं, काय बघता, तर म्हणायच्या, "काही नाई, पाहून राहिली."

त्याच माघात मी ढेकूण आणले. सांगूनच टाकते. गोंदियात ओळखीच्या एका बाईंची बदली झाली होती आणि त्यांना त्यांचा सागवानी दिवाण न्यायचा नव्हता. मला हावच सुटली. टेम्पोतून दिवाण उतरला तेव्हा काकूंनी त्याला कुंकवाचं बोट लावलं, नव्या गाईला लावावं तसं.

महिनाभरात काकूंच्या दंडावर, मानेवर लाल गांधी उठायला लागल्या. त्या माझ्याकडे आल्या. मी, सरकारमान्य नर्स, चष्मा लावून पाहिलं आणि निदान केलं. पित्त. आंबट बंद करा, म्हटलं, आणि रोज एक गोळी. आठ दिवस काकूंनी गोळ्या घेतल्या, चिंच सोडली, ताक सोडलं. नवव्या दिवशी सकाळी गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन माझ्या दारात उभ्या. पाकिटाच्या खड्ड्यात एक टम्म फुगलेला ढेकूण होता.

"हे घ्या तुमचं पित्त," काकू म्हणाल्या.

मी खूप हसले. त्या शेतावर गेल्यावर मी माझी गादी उचलली. दिवाणाच्या फळ्यांच्या फटीत ढेकणांचं गाव वसलं होतं. मी दार लावून घेतलं, फळ्यांवर उकळतं पाणी ओतलं आणि कुणाला काही बोलले नाही. लाज वाटली. आज उद्या सांगू म्हणत राहिले आणि जितका उशीर झाला तितकं सांगणं कठीण झालं.

मग काकूंची लढाई सुरू झाली. सकाळी अंथरुणं उन्हात, दुपारी उकळतं पाणी, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर. करंजाच्या तेलाचे बोळे प्रत्येक सांध्यात. धुराने घरातली सगळी माणसं खोकायची, ढेकूण तेवढे ठणठणीत. काकांना मात्र चावल्याची खूण म्हणून नाही. ते आपले घोरत पडायचे. "याइच्या रक्ताले चव नाई," काकू चिडून म्हणायच्या. चावतात सगळ्यांनाच, पण काहींच्या अंगावर उठत नाही, असं मी समजावलं. काकांना ते पटलं नाही. त्यांना आपल्या रक्ताचा जरासा अभिमानच वाटू लागला होता.

हे सारं गुपचूप चाललं होतं. ढेकूण झाले म्हणजे घर घाणेरडं, बाई आळशी, असंच लोक समजतात. आणि गावातली बातमी तिरोड्याला पोचायला वेळ लागत नाही. "विहीनबाईच्या कानावर गेलं तर पोरीले धाडनार नाई," काकू म्हणायच्या. गळ्याची शपथ घालून त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. मला! मी तर आधीच गप्प होते.

पण नव्या बाजेतही ढेकूण शिरले तेव्हा काकूंचा धीर सुटला. त्या भागात जुनी रीत आहे. बाजेला ढेकूण लागले की तिला दगड बांधून चार दिवस बोडीत बुडवून ठेवतात. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. पण उन्हाने त्यांच्या बोडीत चिखल उरला होता. पाणी होतं ते गावच्या मोठ्या तलावात. म्हणजे बाज भर गावातून न्यायची. कोणाला कळू नये म्हणून काकूंनी तिच्यावर पांढरी चादर घातली, सुतळीने बांधली, आणि पुढून काका, मागून काकू अशी ती खांद्यावर घेऊन दोघं निघाले.

आता तुम्हीच सांगा, पांढरं पांघरलेली बाज खांद्यावर घेऊन माणसं तलावाकडे निघाली, आणि मसणवटाही तिकडेच, तर गाव काय समजेल? पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने चहा तसाच ठेवला, टोपी काढली आणि मागे चालू लागला. त्याच्यामागे आणखी चौघं. एकाने तर काकांचा खांदा सोडवायला खांदा पुढे केला. मी आरोग्य उपकेंद्राच्या दारातून पाहत होते.

"कोन गेलं गा?" म्हाताऱ्याने काकांना विचारलं.

काकांनी मान खाली घालून चाल वाढवली. मागून काकू कडाडल्या, "माही इज्जत गेली! ढेकनं आहेत बाजेत, ढेकनं! झालं समाधान?"

गाव तीन दिवस हसलं. चौथ्या दिवशी तिरोड्याहून फोन आला. काकूंनी स्पीकर लावला होता, त्यामुळे मीही ऐकलं. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "खटमल झाले म्हणे तुमच्याकडे. पोरगी दोन जिवांची. घर साफ झालं की सांगा, मग पाठवतो. नाहीतर राहू द्या, इथं दवाखाना आहे."

काकू फक्त "हो" म्हणाल्या. फोन ठेवला आणि किती तरी वेळ पदराने मोबाईलची काच पुसत बसल्या.

त्यानंतरच्या काकू मला आठवू नयेत असं वाटतं. त्या जेवेनात. बोलता बोलता मध्येच उठून भिंत खरवडायच्या. हातांची कातडी उकळत्या पाण्याने सोलली होती. मी म्हणायचे, थोडं थांबा, माहिती काढते, जिल्ह्याच्या ठिकाणी फवारणीवाले असतात. त्या म्हणायच्या, "नववा लागून राहिला सिस्टर. कवा थांबू?" त्या वेळी तरी मी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

एका दुपारी लसीकरण उरकून मी परतले तर गल्लीच्या तोंडाशीच उग्र वास आला. काका शेतावर होते. धानावर तुडतुडे पडतात त्यासाठीचं औषध कोठ्यात उरलेलं होतं. काकूंनी पाठीवर पंप घेतला, दारं-खिडक्या लावल्या आणि सबंध घर फवारलं. भिंती, कवेलू, ती लिंपलेली खोली, दुपट्यांची चळतसुद्धा. मी दार ढकललं तेव्हा त्या पंपासकट जमिनीवर बसलेल्या, अंग घामाने निथळलेलं, तोंडातून लाळ. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"मेले सारे," मला पाहून त्या म्हणाल्या. "पोरीले फोन लावा."

अंगणात ओढून आणलं, कपडे उतरवून अंग धुतलं, गाडी बोलावली आणि गोंदियाला नेलं. पाच दिवस त्या दवाखान्यात होत्या. सहाव्या दिवशी उठून बसल्या आणि पहिला प्रश्न तोच, पोरगी कधी निघते?

पोरीचा फोन मलाच आला. "सिस्टर, आईला विचारून उपयोग नाही, ती ये म्हणेल. तुम्ही सांगा. येऊ का?"

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या घराच्या भिंतींत विष मुरलं होतं. नवजात बाळाला तिथे ठेवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "नको येऊस."

काकूंनी तोंड भिंतीकडे केलं. मग मात्र माझ्याने राहवलं नाही. रडत रडतच बोलले की ढेकूण माझ्या दिवाणातून आले, तुमच्या घरात मी आणले, आणि मला दोन महिने माहीत होतं.

 काकू भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "मलेबी."

"काय?"

"तुमी कामावर गेल्या होत्या. मी गादी उचलून पाह्यली तुमची. साऱ्या फळ्या भरल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत? मला घालवून द्यायचं होतं!"

"घालवली असती तर पोरीच्या बाळंतपनाले कोन होतं?" त्या म्हणाल्या. "ढेकनं मरतीन म्हटलं कधी ना कधी. नर्स कुठून आनू?"

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले आणि पाणी मागितलं.

मुलगा झाला, तिरोड्याच्या दवाखान्यात, सुखरूप. तिसऱ्या दिवशी मी काकूंना घेऊन गेले. निघण्याआधी त्यांनी शेजारणीकडे आंघोळ केली, कोरं लुगडं घडी मोडून नेसल्या, पिशवीसुद्धा घेतली नाही. रिकाम्या हातांनी नातवाला पाहायला जाणारी दुसरी आजी मी पाहिलेली नाही. विहीणबाईंनीच पुढे होऊन बाळ उचललं आणि म्हणाल्या, "घ्या ना विहीणबाई."

काकू दोन पावलं मागे सरल्या. दोन्ही हात पाठीशी बांधले.

"नोका. तुमीच धरा. मी अठूनच पाह्यते."

"आई, घे गं," मुलगी खाटेवरून म्हणाली.

"नाई म्हटलं ना. एखादा असन अंगावर." आणि हात तसेच मागे ठेवून त्या वाकल्या, पदर बाळाला लागू नये म्हणून मान तिरपी करून. बाळाने जांभई दिली. काकू हसल्या. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या तर वाहत होतं. काकू मात्र तशाच वाकून एकेक गोष्ट बघत होत्या, कान, नखं, टाळू.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "मानूस नाई भेटला तर ढेकून किती दिवस जगते?"

इतकं फवारूनही चार दिवसांपूर्वी काकांना भिंतीत ढेकूण दिसले होते, हे त्यांना कळलं होतं तर. खोटं बोलायची माझी आता तयारी नव्हती. "महिनोन्‌महिने," मी म्हणाले. "कुणी म्हणतं वर्षभर."

"मंग घराले कुलूप लावते. आमी दोघं शेतातल्या खोपडीत राहू. तुमीबी दुसरी खोली पाहून घ्या."

"वर्षभर? काकू, पावसाळा आहे पुढे."

त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मोजून झालं तेव्हा त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी थोडा सैल पडला.

"होऊ द्या वर्ष," त्या म्हणाल्या. "तवा तो चालत येईन."