वहिनीचे पांढरे दात

परवा नातीबरोबर तळेगावला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. नातीचं लग्न ठरलंय, तिला फोटोसाठी दात पांढरेशुभ्र करून हवेत... दवाखान्यात बसल्या बसल्या मी पदरानं सारखं तोंड पुसायला लागले. नातीला वाटलं, आजीला उन्हाचा त्रास झाला. ऊन कसलं... मला माझी वहिनी आठवली.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या काळातली गोष्ट. आमचं घर कार्ल्याजवळ, मी नऊ वर्षांची. दादा पलटणीत होता आणि पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला होता. वहिनी असेल सोळा-सतराची.

तेव्हा आमच्याकडे लग्न झालेल्या बायका दातवण लावायच्या. हिराकस, हिरडा असलं काय काय कुटून केलेली काळी पूड. दात काळेकुट्ट झाले की सवाष्ण शोभते, असं आईचं म्हणणं. वहिनीचे दात लग्नात आईनंच काळे केले होते.

एकदा जेवताना दादा हसत बोलून गेला, "शहरातल्या बाया आता दात काळं करत न्हाईत. पांढरं दात लय ग्वाड दिसत्यात." आणि मग म्हणाला, जायच्या दिवशी लोणावळ्यात जोडीनं फोटो काढू. एवढंच. तो विसरलासुद्धा... वहिनी विसरली नाही.

त्याच दिवसांत कार्ल्याच्या जत्रेत एक औषधवाला बसला होता. एका माणसाचा पिवळा दात त्यानं सगळ्यांसमोर काडीनं घासला आणि चकचकीत करून दाखवला. मी धावत येऊन वहिनीला सांगितलं. मला कुणी विचारलं होतं का? पण तोंड कुठलं गप्प बसतंय!

वहिनीनं पदराची गाठ सोडून पैसे माझ्या मुठीत दिले. "वन्सं, एवढं काम करा. आत्याबाईंना कळू देऊ नगा." आत्याबाई म्हणजे माझी आई, तिची सासू. मी एवढीशी पोर, पण नणंद ना, म्हणून मला अहोजाहो.

मी बाटली आणली. औषधवाल्यानं बजावलं होतं, एकदाच लावायचं आणि लगेच खळखळून चूळ भरायची... हे मी वहिनीला सांगितलंही.

जायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी गोठ्यामागे बसलो. काडीला कापूस गुंडाळून वहिनीनं पहिला दात घासला आणि काळं खरंच निघालं हो! आत आंबेमोहोर तांदळासारखा पांढरा दात. मी टाळ्या पिटल्या. वहिनी बादलीतल्या पाण्यात वाकून बघत राहिली. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

पण कडेनं काळं राहिलं होतं. वहिनी म्हणाली, "पुरं आता, झोंबतंय." आणि मी म्हटलं, "अजून एकदा लाव ना, थोडंच राहिलंय." मग अजून एकदा... मग अजून एकदा. वरून राखेनं घासायची अक्कलही माझीच.

संध्याकाळी वहिनीच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, खालचा ओठ सुजला. गार पाण्याचा घोट घेतला आणि ती कळवळून खालीच बसली. आईनं विचारलं, काय झालं गं? वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "पानातला चुना लागला, आत्याबाई." माझ्याकडे तिनं नुसतं बघितलंही नाही. तेव्हापासून पदर काही तोंडावरून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी छकड्यातून लोणावळ्याला गेलो. फोटोवाल्यानं दोघांना खुर्च्यांवर बसवलं. दादा गणवेशात, नजर सरळ कॅमेऱ्याकडे. मी फोटोवाल्याच्या मागे उभी. वहिनीनं पदर खाली घेतला आणि तेवढं दुखत असताना ओठ उघडून हसली... तिचे ते पांढरे दात!

फोटोवाला वैतागून म्हणाला, "अहो बाई, तोंड मिटा. हसायचं नाही, फोटो बिघडतो."

वहिनीनं तोंड मिटलं. शेजारी बसलेल्या दादाला काही दिसलंच नाही. तिथून तो थेट स्टेशनवर गेला.

तो परत आला दोन वर्षांनी. तोवर वहिनीचे पुढचे दात पिवळे पडून कडेनं झिजायला लागले होते, चार तर मोडलेच. दादानं खोदून खोदून विचारलं तेव्हा फोटोसाठी केलं म्हणाली. दादा एवढंच बोलला, "आगं, मी आपलं सहज बोललो व्हतो." बाटली कुणी आणली असं त्यानं विचारलं. वहिनी म्हणाली, "मीच आनली."

पुढे सगळा जन्म ती पदराआड हसली.

तर परवाच्या डॉक्टरीणबाईंना मी शंभर प्रश्न विचारले. नात लाजून लाल झाली, होऊ दे. बाई शांतपणे म्हणाल्या, आधी किडलेला दात भरू, हिरड्या झाकून औषध लावू, थोडे दिवस ठणकेल, आणि घरी लिंबू-सोडा काही घासायचं नाही. ऐकून जीव भांड्यात पडला. मग मीच नातीला म्हटलं, घे करून. हौस काही वाईट नसते गं... वहिनीची हौसही वाईट नव्हती.

खाली तो फोटो टाकलाय, वहिनीचा एकुलता एक. ओठ जरा फुगलेला दिसतो, बघणारे म्हणतात, नवरी रुसलीय. ती रुसलेली नाही. मिटलेल्या ओठांआड तिचे दात पांढरेशुभ्र आहेत आणि ठणकताहेत.

वहिनीनं शेवटपर्यंत माझं नाव कुणाला सांगितलं नाही. ऐंशी वर्षं मीही गप्प बसले... बाटली मी आणली होती.