कुठं निघाला, आबा?

"मॅडम, तुमच्या इलाजानं आमचा म्हातारा दौंडला पोचला!"

दत्ताभाऊ दवाखान्याच्या दारातूनच ओरडले. बाकावरचे सगळे पेशंट माझ्याकडे बघायला लागले. एक बाई तर उठून चप्पल घालायला लागल्या.

दत्ताभाऊंच्या मागून त्यांचे वडील, खंडूआबा, सावकाश आत आले. धोतर, पटका, हातात पिशवी. "राम राम, बाई," म्हणाले आणि पिशवीतून दौंडच्या जिलबीचा पुडा काढून माझ्या टेबलावर, बी.पी.च्या मशीनशेजारी ठेवला.

मांडवगण फराट्याला माझा दवाखाना होता. गावात मोबाइल नुकते आले होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दत्ताभाऊंनी आबांना पहिल्यांदा माझ्याकडे आणलं होतं. आबा विसरायला लागले होते. जेवून उठले की "आज जेवन न्हाई का?" विचारायचे. एका नातवाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारायचे. गावात याला म्हातारचळ म्हणतात आणि त्याला औषध नाही असं समजतात. घरच्यांनी गेटला कायमचं कुलूप लावायचं ठरवलं होतं. म्हातारा कुठे निघून गेला तर शोधायचा कुठं? दत्ताभाऊ बाहेर गेल्यावर आबांनी मला हळूच विचारलं, "बाई, कोंडत्यात व्हय मला?" मला फार वाईट वाटलं. दत्ताभाऊंचा रागही आला.

आता थोडं डॉक्टरी. म्हातारपणातलं प्रत्येक विसरणं म्हणजे डिमेन्शिया नव्हे. डिमेन्शियात मेंदू हळूहळू काम करेनासा होतो. पण तो शिक्का मारण्याआधी साध्या गोष्टी बघायच्या असतात. आबांचं बी.पी. वाढलेलं होतं. रक्तात बी-१२ कमी होतं. हे व्हिटॅमिन कमी पडलं तरी माणूस विसरतो. कानात इतका मळ, की अर्धं बोलणं पोचतच नव्हतं. न ऐकलेलं लक्षात कसं राहणार? मग मी तीन शब्दांची टेस्ट घेतली. आंबा, खुर्ची, बैल. थोड्या गप्पा मारून परत विचारलं.

"बैल," आबा म्हणाले.

"आणि बाकीचे दोन?"

"बैलानं खाल्लं आसंल."

खरं दुखणं वेगळंच होतं. एके काळी मेंढरांमागे सगळा मुलूख पायाखाली घातलेला हा माणूस. पोरं बागायतदार झाली आणि त्यांनी बापाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पाणी हातात, चहा हातात, समोर टीव्ही. सगळं प्रेमानंच; पण डोक्याला कामच ठेवलं नाही. मी गोळ्या दिल्या, कान साफ केले, तंबाखू बंद केली, दुपारची झोप बंद केली. आणि रोज सकाळी वडगाव रासाईच्या रस्त्यानं चालून यायला सांगितलं. चालण्यानं मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो. दिवाळीपर्यंत कुलूप लावायचं नाही, असा दत्ताभाऊंकडून शब्द घेतला.

आबा सुधारत गेले. दर वेळी जास्त तरतरीत दिसायचे. मी खूश. शिरूरला डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये मी या केसवर भाषणसुद्धा ठोकलं. विषय अर्थातच चालण्याचं महत्त्व.

आणि आज हे दौंड!

"सकाळधरनं पत्त्या न्हाई," दत्ताभाऊ सांगत होते. "हिरी बघितल्या, नदीला मानसं धाडली. दुपारी पाव्हण्याचा फोन आला, म्हातारा ठेसनाम्होरं बसून भजी खातोय. आता म्या कुलूप लावनार. तुमीच सांगा त्यास्नी."

आबा खरंच भरकटले असतील, तर दत्ताभाऊंचं बरोबर होतं. मी आबांना नवे तीन शब्द दिले, विहीर, घोंगडी, लिंबू, आणि विचारलं, "आबा, रस्ता चुकलात का?"

"रस्ता कशाला चुकंल? जीपमंदी बसलो व्हतो."

"जीपमध्ये? मी चालायला सांगितलं होतं ना!"

"आवो बाई, चालू कोन देतंय?"

मग सगळं बाहेर आलं. आमच्याकडे म्हातारा माणूस पायी चाललेला दिसला की मोटरसायकलवाला थांबतोच. न थांबणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं. थांबला की पहिला प्रश्न, "कुठं निघाला, आबा?"

"मग सांगायचं, फिरायला निघालोय," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना धोतर सोडून चालायला सांगितलंय. "धडधाकट मानूस बिनकामाचा रस्त्यानं हिंडतोय म्हनल्यावर लोक काय म्हनत्याल? सून जेवाय घालीत न्हाई, पोरानं बाहीर काढलं. ह्या दत्त्याची आब्रू जाईल का न्हाई?"

दत्ताभाऊ जमिनीकडे बघायला लागले.

म्हणून आबा काम सांगायचे. "वडगावला शेळी बघाय चाललोय." मोटरसायकलवाला त्यांना थेट शेळीवाल्याच्या दारात सोडायचा. मग शेळी बघणं आलं, चहा आला, घासाघीस आली. दुसऱ्या दिवशी तीच थाप चालत नाही, तोच माणूस भेटला तर? मग वरवंडला कांद्याचं बी बघायला. मग कुणाच्या आजारी मेव्हण्याला भेटायला. कुणाला काय सांगितलं, हे सगळं ध्यानात ठेवायचं. आज एका जीपवाल्याला म्हणाले, दौंडला स्थळ बघायला चाललोय. तो नेमका दौंडलाच निघालेला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गेलो. जीपमंदीच एकानं पत्त्या दिला. स्थळ बघितलं. पोरगं बरं हाय, रेल्वेत हाय."

"कुनासाठी बघितलं?" दत्ताभाऊ दचकले.

"तुज्या मेव्हणीसाठी. दोन वरीस हिंडतोयस न्हवं? ऐतवारी येत्यात बघाय. आन् बाई, विहीर, घोंगडी, लिंबू. इचारनार व्हता न्हवं?"

बाकावरची सगळी माणसं हसली. मला मात्र शिरूरचं भाषण आठवत होतं. ज्याच्या चालण्याचे गोडवे मी गायले, तो गृहस्थ गावाच्या वेशीपलीकडे कधी चाललाच नव्हता. गोळ्यांचा आणि कान साफ केल्याचा गुण आलाच होता. पण बाकीचं काम केलं ते रोजच्या नव्या माणसांनी, गप्पांनी आणि थापांनी. खरं बोलणाऱ्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही. थापा मारणाऱ्याला सगळंच ठेवावं लागतं.

कुलूप आलं नाही. लांब जायचं तर सुनेला खरं गाव सांगून जायचं, एवढंच ठरलं. चालण्याचं काम मी उसाच्या बांधावर हलवलं. तिथं मोटरसायकल जात नाही, आणि आपला ऊस बघत फिरणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी काही विचारत नाही. मेव्हणीचं लग्न दौंडच्या त्या रेल्वेतल्या मुलाशीच झालं. लग्नात मानाच्या जागी आबा बसले होते, आणि दत्ताभाऊ सगळ्यांना सांगत होते, "आबांनी जमवलं."

तेव्हापासून कुणाही म्हाताऱ्या माणसाला चालायला सांगितलं, की मी आधी विचारते, "वाटेत कुणी विचारलं तर काय सांगणार?" उत्तर नसेल तर आम्ही दोघं तिथंच बसून एक काम ठरवतो. खोटं असलं तरी चालतं, फक्त रोज नवं लागतं.