जोडीतला एक बैल

जुलैचा दुसरा मंगळवार, जव्हारजवळचं साखरशेत गाव. हजर: मी, माझ्यासोबत आलेला गुरांच्या दवाखान्यातला मलमपट्टीवाला ड्रेसर, बैलाचे मालक काका, शेजारच्या मावशी आणि दोन बैल.

आमची संस्था जनावरांची निगा कशी राखली जाते ते पाहत गावोगाव फिरते. माझा क्रम ठरलेला: पाणी, चारा, गोठ्याची जमीन, खूर, शेवटी मान. काकांच्या तांबड्याच्या मानेवर हात ठेवला तसं त्याचं अंग थरथरलं. जुवाखालचं कातडं सोलून आत ओलं झालं होतं.

"काका, जखम भरेपर्यंत याला जुंपायचं नाही. कायद्यानं गुन्हा आहे."

"नाय जुंपत. माझी चिखलणी झाली काल."

मावशी बांधावरून बोलल्या, "तुझी झाली रे! ताई, आज माझी पाळी व्हती. माझा पांढरा आन् याचा तांबडा, सावड हाय आमची. आता तांबड्याच्या जागी कोन? तुमी घेता का जू मानेवर?"

ड्रेसर खो खो हसला. मीही हसले आणि मग पांढऱ्याकडे पाहिलं.

इकडे बऱ्याच घरी एकच बैल असतो. शेजाऱ्याचा जोडीला घेऊन आळीपाळीनं दोघांच्या भातशेतांची चिखलणी, म्हणजे लावणीआधीची चिखलातली नांगरट, होते; हीच सावड. हे मला ठाऊक होतं. तरी मी बैल तपासला, जोडी नाही. जखम काकांच्या बैलाची आणि काम थांबलं मावशींचं.

"मी टिलर बघते," असं बोलून बसले. जव्हारच्या टिलरवाल्यांनी आधी भातखाचराची वाट विचारली, मग नकार दिला. त्या उतारावर यंत्र उतरत नाही.

आठवड्यानं पुन्हा गेले. तांबड्याची जखम खपली धरत होती. मावशी आणि त्यांची सून कुदळीनं चिखल करत होत्या. अर्धं खाचर झालेलं, अर्ध्यात गवत. राबात, भाजलेल्या वाफ्यात, वाढवलेली भाताची रोपं पिवळी पडू लागलेली. पांढरा मात्र खुंट्याला निवांत रवंथ करत होता.

"ताई, खपली धरलीय. उद्या सकाळचं थोडं जुंपू का?" मावशींनी हळूच विचारलं.

"नाही," मी त्यांच्या तळहातावरचे फोड पाहत म्हणाले. खपली जुवाखाली टिकली नसती. उत्तर बरोबर होतं, पण जीपपर्यंत चालताना माझी मान वर झाली नाही.

दाभोसा गावात एकाची लावणी उरकलीय, त्याचा बैल मोकळा आहे असं कळलंय. त्याला पांढऱ्याच्या जोडीसाठी विचारायला जायचं अजून राहिलंय.