मेन स्विचपाशी उभं राहायला कुणीतरी

मंडळी, आज सकाळी एका दिव्यापायी समोरचं दार वाजवलं. चिखलीत राहायला आल्यापासून पहिल्यांदाच.

खिडकीला खेटून नवी बिल्डिंग उभी राहिली, तेव्हापासून माझ्या खोलीत दिवसाही अंधार. म्हणून छताला एलईडी पट्ट्यांचं मोठं पॅनल बसवलं. पट्ट्या थेट घरच्या लाइनवर जोडायच्या नसतात, म्हणून मधे व्होल्टेज उतरवून देणारा डबा, म्हणजे चांगला ड्रायव्हर घातला, त्याच्या आधी फ्यूज, पॅनलच्या पत्र्याला अर्थिंग. सगळं मीटरने तपासलं.

पण चाकणला कंपनीत आम्ही मेंटेनन्सवाले एक नियम पाळतो. नव्या जोडणीला पहिल्यांदा सप्लाय देताना मेन स्विचपाशी जोडीदार उभा पाहिजे. एकटा माणूस घरी जोडीदार कुठून आणणार?

समोरच्या काकूंनी दार उघडलं. "तुमी हितं राहता व्हय? मला वाटलं, त्यो फ्लॅट बंदच हाय."

त्यांना घरात आणून मेन स्विच दाखवला. "मला काही झालं तर आधी हा खाली ओढा. मला हात लावू नका."

"न्हाई लावत," म्हणाल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

पॅनल लागलं. खोली लख्ख झाली आणि सगळ्यात आधी कोपऱ्यातली जळमटं दिसली. लाजच वाटली.

"जाऊ का आता?" काकूंनी विचारलं.

"थोडं थांबा. ड्रायव्हर तापतो का बघतो."

ड्रायव्हर गारच होता. तरी मी बराच वेळ बघत राहिलो.

एकटे राहणाऱ्यांनो, तुमच्या मेन स्विचपाशी कोण उभं राहतं?