राहून गेलेलं टिंब

माझं तोंड फाटकं आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई म्हटलं की लोक आधीच नाक मुरडतात, त्यात मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, "मशीनला काही झालेलं नाही, तुम्ही त्यावर चहा सांडलाय." अशा माझ्यासारखीने आयुष्यात एकदाच तोंडाला कुलूप लावलं, आणि तेही नेमकं नको तिथे. टिंबकाकांच्या बाबतीत.

टिंबकाका म्हणजे कोपऱ्यावरच्या छापखान्यातले प्रूफरीडर. एकतीस वर्षं तेच काम. छापायला जाणारं प्रत्येक पान त्यांच्या लाल पेनाखालून जायचं, आणि अनुस्वाराचं टिंब कुठे राहिलं असेल तर ते त्यांना लांबून खुपायचं, म्हणून हे नाव. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, बसचं तिकीट, लिफ्टमधली सूचना, काही म्हणून सुटायचं नाही. मी दुकान उघडलं त्या दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "'दुरुस्ती'तला दुसरा उकार ऱ्हस्व असतो. पाटीच नादुरुस्त, तर तू मशीनं काय दुरुस्त करणार?" मी दोन दिवस धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून पाटी बदलून घेतली. तेव्हापासून आमचं गूळपीठ.

गेल्या वर्षी एका दुपारी ते लॅपटॉप घेऊन आले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "कुणाला न कळता काही शोधता येतं का गं?"

"या वयात काय शोधताय काका?" मी म्हटलं. ते हसले नाहीत.

झालं होतं असं. त्यांनी घरच्या लॅपटॉपवर एकदा विचारलं होतं, दिव्याभोवती रंगीत कडी का दिसतात. संपलं. पुढचे आठ दिवस डोळ्यांच्या दवाखान्यांच्या जाहिराती त्यांचा पिच्छा सोडेनात. लॅपटॉप आणि काकूंचा फोन एकाच खात्यावर, त्यामुळे त्या काकूंच्या फोनवरही उगवल्या. काकूंनी विचारलं तेव्हा काकांनी ठोकून दिलं, की छापखान्यात डोळ्यांवरचं पुस्तक आलंय.

"खरं काय ते सांगून टाका ना," मी म्हटलं.

"तिचे वडील आंधळे होते. नऊ वर्षांची होती तेव्हापासून ती त्यांना हाताला धरून फिरवायची. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. ते गेले तेव्हा बावीस वर्षांची होती." काका टेबलाकडे बघत बोलत होते. "लग्नानंतर मला म्हणाली, आता कुणाचा हात धरून रस्ता ओलांडायचा नाही, आता नुसतं शेजारून चालायचं. तिला हे परत कसं दाखवू? तू बोलणार नाहीस. शपथ घे."

मी घेतली. आणि त्यांना तो ब्राउझर घालून दिला, ज्याची खूण कांद्याची आहे. म्हटलं, "तुमचा प्रश्न एकावर एक तीन पाकिटांत घालून तीन अनोळखी मशीनच्या हातून जातो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण प्रश्न कळत नाही. शेवटच्याला प्रश्न कुठे चाललाय ते कळतं, पण तुम्ही कोण ते नाही. मधल्याला दोन्ही नाही. आणि बंद केलात की तो सगळं विसरतो."

"कांदा म्हणजे शेवटी डोळ्यांना पाणीच की," काका म्हणाले.

"शोधा, पण डॉक्टरकडेही जा," मी बजावलं.

"जाईन गं."

गेले नाहीत. त्यांना त्या कांद्यात हवं तेच सापडत गेलं. मोतीबिंदू असेल, हळूहळू पिकेल, मग एक दिवसाचं ऑपरेशन. दर आठवड्याला येऊन मला सांगायचे, पिकतोय. मीही मान डोलवायचे. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती देव जाणे.

महिनाभराने काकू आल्या. स्टुलावर बसल्या, पदराने घाम टिपला आणि फोन पुढे केला. "यांना कळता कामा नये असं काही शोधायचंय. मागे त्या जाहिराती आल्या तर यांचा चेहरा एवढासा झाला होता. परत तसं नको."

मी काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. काका चहा कपाच्या बाहेर ओततात. बाजूने कुणी आलं की दचकतात. पायरी उतरताना पाय चाचपडतो. "मी हे सगळं एकदा पाहिलंय गं. मला ओळखू येतं."

"मग त्यांच्याशी बोला."

"त्यांचं सगळं जगणं डोळ्यांवर. मी ते नाव घेतलं तर ते उद्यापासून छापखान्यात पाऊल टाकणार नाहीत, खचतील. त्यांना आपणहून सांगू दे. तोवर तू गप्प राहा."

आता सांगा, मी काय करायचं होतं? दोघं एका घरात, एका टेबलावर जेवणारी, आणि दोघांनाही एकमेकांपासून लपून एकच गोष्ट शोधायची. मी काकूंच्या फोनवरही कांदा घालून दिला. वर स्वतःची पाठ थोपटली, की बघा, मला दोन्हीकडची गुपितं पोटात ठेवता येतात. गिऱ्हाइकाचं मशीन उघडलं की आपण डोळे मिटायचे, हा आमच्या धंद्यातला नियम. मी तो इमानाने पाळला. पाच महिने.

मग एके दिवशी काका तणतणत आले. "तुझा तो कांदा मला माणूसच मानत नाही. तीन आठवडे झाले. आधी सिद्ध करा म्हणतो, की तुम्ही यंत्र नाही."

हे मला माहीत होतं. या रस्त्याने गेलं की शोधयंत्राला संशय येतो आणि ते चित्रं दाखवून परीक्षा घेतं. सगळ्यांना छळतं. म्हटलं, "करा माझ्यासमोर."

पडद्यावर नऊ चौकोन आले. ज्यात सायकल असेल ते सगळे निवडा. काका नाक पडद्याला लागेल इतके वाकले. मधला चौकोन टिपला. आणखी एक टिपला. थांबले. वरच्या कोपऱ्यात सायकल होती, डाव्या कडेला होती, खाली अर्धं चाक होतं. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. "झालं," म्हणाले. यंत्राने दुसरी चित्रं दिली. पुन्हा मधले बरोबर, कडेचे सगळे सोडलेले. तिसऱ्यांदा तेच.

"बघितलंस? बरोबर करूनही हे असं," काका म्हणाले.

"काय शोधत होता तुम्ही?"

"एक शब्द वाचला कुठेतरी. मोतीबिंदू नव्हे, दुसराच. कडेकडेने नजर जाते म्हणे त्यात. म्हटलं बघावं."

त्यांनी मागे जाऊन शोधाची चौकट दाखवली. त्यात त्यांनी स्वतः टाइप केलं होतं: काचबिदू.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, टिंब राहिलं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पडद्यावर बोट फिरवत विचारलं, "कुठे?"

मला रडू फुटलं. तिथल्या तिथे काकूंना फोन केला. शपथ गेली खड्ड्यात.

काकू दहा मिनिटांत आल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "चला, डॉक्टरकडे जाऊ. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पाच महिने."

काकांनी मान माझ्याकडे वळवली. पुरती वळवावी लागली त्यांना. "आणि तुला? हिला माहीत आहे, हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"तेव्हापासूनच," मी म्हटलं.

त्यांनी लॅपटॉप मिटून काखेत घेतला.

काचबिंदूच निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवू. पाचसहा महिने आधी आला असतात तर वाचता येण्याइतकी उरली असती. काकूंनी हे मला रस्त्यातच, भाजीची पिशवी हातात धरून सांगितलं. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

काकांनी छापखाना सोडला. माझ्या दुकानात ते पुन्हा आले नाहीत. संध्याकाळी दोघं समोरून जातात, काकू त्यांचा हात धरून अर्धं पाऊल पुढे.

मागच्या महिन्यात मी नवी पाटी लावली. पेंटरने 'दुरूस्ती' लिहून ठेवलं, उकार दीर्घ. मी बदलून घेतलं नाही. मुद्दामच. संध्याकाळी पायरीवर उभी राहते. वाटतं, थांबतील, चार शब्द सुनावतील, पाटीच नादुरुस्त म्हणतील. काकू पाटीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. काका काकूंना विचारतात, रस्ता आला का, आणि दोघं पलीकडे जातात.